मादीला वाट द्या

माझी आई बाजारात चिंबोरी घ्यायची तेव्हा प्रथम ती उलटी करून पाहायची. पाठीचा रंग, नांग्यांचा आकार या गोष्टी नंतरच्या. पोटाखालची ती दुमडलेली झडप अरुंद आहे की रुंद आहे, हे ती आधी पाही. झडप रुंद म्हणजे मादी. मग अंगठ्याने कवच दाबायचे, वजन हातात तोलायचे, अमावस्या जवळ आली आहे ना, याचा मनाशी हिशोब करायचा आणि मासेवालीशी भावाची घासाघीस सुरू करायची. गोरेगावच्या सेमिनरीतून मी सुटीत घरी आलो की पहिल्या रविवारी वसईच्या आमच्या घरी हा बेत ठरलेला असे. भरलेल्या मादीतली केशरी गाबोळी आई स्वतः काढून माझ्या ताटात वाढायची. भावंडे कुरकुरत. ‘तो फादर होणार आहे,’ एवढेच ती म्हणे. गाबोळी आणि पौरोहित्य यांचा काय संबंध, हे आम्हां कुणालाच कधी उमगले नाही.

ती मादी कुठून आली होती आणि कुठे निघाली होती, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नाही. पडला तोही वसईत नाही, तर सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर.

2012 सालच्या उन्हाळ्यात व्हर्जिनिया राज्यातील एका छोट्या धर्मग्रामात मी तीन महिने बदली धर्मगुरू म्हणून राहिलो. तेथील फादर आजारी होते. गाव चेसापीक उपसागराच्या काठी. हा उपसागर उत्तर-दक्षिण सुमारे 320 किलोमीटर लांब. वरच्या अंगाने त्याला अनेक नद्या मिळतात आणि खाली केप चार्ल्स व केप हेन्री या दोन भूशिरांमधून तो अटलांटिकला भेटतो. वरचे पाणी जवळजवळ गोडे, मुखाशी खारे. आपल्या वैतरणेच्या खाडीचे कितीतरी पटींनी मोठे भावंड म्हणा ना! या पाण्यात जो निळ्या नांग्यांचा खेकडा सापडतो, त्यावर तेथील कित्येक गावांचा संसार शतकानुशतके चालत आला आहे. शास्त्रज्ञांनी त्याला जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ होतो ‘सुंदर पोहणारा, चविष्ट’. शास्त्रीय नावात चवीचा उल्लेख करणारी ती विदुषी जेवणाची रसिक असली पाहिजे.

मिस्साला नियमित येणारी एक बाई होती. तिचे यजमान मेथडिस्ट पंथाचे, साठीच्या आसपासचे, तीन पिढ्यांचे खेकडे पकडणारे. ते देवळात येत नसत, पण मिस्सा संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहत आणि पत्नी बाहेर आली की माझ्याकडे पाहून टोपी किंचित वर करीत. एके रविवारी त्यांनी काच खाली केली आणि विचारले, “फादर, तुम्ही समुद्राकाठचे ना? उद्या पहाटे चार वाजता धक्क्यावर या.”

मी गेलो. जूनचा पहिला पंधरवडा होता. होडीवर ते आणि त्यांचा मुलगा. तारेचे चौकोनी पिंजरे पाण्यात सोडलेले आणि प्रत्येकाची खूण म्हणून वर एक तरंगणारा गोळा. गोळा आकड्याने ओढायचा, पिंजरा वर घ्यायचा, खेकडे फळीवर ओतायचे, नवे आमिष भरायचे, पिंजरा पुन्हा पाण्यात. या साऱ्याला एक मिनिटही लागत नसे. मी एक खेकडा सांभाळून उचलला आणि सवयीने उलटा केला. ते मोठ्याने हसले. “तुम्हांला हे कोणी शिकवले?” मी म्हटले, “आईने.”

मग त्यांनी मला तिकडची अक्षरओळख करून दिली. नराची झडप उंच निमुळती, त्यांच्या राजधानीतील वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभासारखी. वयात न आलेल्या मादीची त्रिकोणी. वयात आलेल्या मादीची अर्धगोल, संसद-भवनाच्या घुमटासारखी. शिवाय मादीच्या नांग्यांची टोके लाल असतात, नखे रंगवल्यासारखी. नराला ते ‘जिमी’ म्हणतात, पोर मादीला ‘सॅली’ आणि प्रौढ मादीला ‘सूक’. मोठे नर उकडून खाण्यासाठी टोपलीच्या भावाने महाग जातात. मादी स्वस्त, ती बहुधा गर काढणाऱ्या कारखान्याकडे जायची. हे ऐकून मला नवल वाटले. आमच्याकडे नेमके उलटे.

इतक्यात एका पिंजऱ्यातून एक मादी आली. तिच्या पोटाखाली काळपट तपकिरी रंगाचा, स्पंजासारखा गोळा. त्यांनी तिला दोन बोटांत धरून मला दाखवले आणि टोपलीत न टाकता अलगद पाण्यावर सोडले. अंडी आधी नारिंगी असतात. आतला बलक पिले जसजशी संपवत जातात, तसतसा गोळा काळा पडत जातो. काळी म्हणजे चार दिवसांत पिले बाहेर. त्या दिवसांत अशी मादी ठेवणे कायद्याने गुन्हा होता. पण कायद्याच्या भीतीने सोडणाऱ्या माणसाचा हात कसा असतो आणि त्यांचा हात कसा होता, यातला फरक मी पाहिला.

या मादीची कथा त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितली. पुढे मी ती पुस्तकांतूनही पडताळून पाहिली. खेकडा कात टाकून वाढतो. मादीची जी अखेरची कात, त्याच वेळी तिचा नराशी एकदाच संयोग होतो. आयुष्यात बहुधा पुन्हा नाही. तिचे अंग त्या वेळी लोण्यासारखे मऊ असते आणि कोणताही मासा तिला गिळू शकतो. म्हणून नर कातीच्या आधीपासून काही दिवस तिला आपल्या पोटाखाली पायांच्या कुंपणात धरून हिंडतो आणि नंतरही तिचे कवच टणक होईपर्यंत सोडत नाही. मग दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. नर वरच्या गोड्या पाण्यात राहतो. मादी शरद ऋतूत दक्षिणेकडे निघते, कित्येक मैल चालत-पोहत उपसागराच्या मुखाशी येते, कारण पिलांना खारे पाणी लागते. हिवाळा ती तिथेच चिखलात स्वतःला पुरून काढते. नराकडून मिळालेले बीज तिने जपून ठेवलेले असते. पुढच्या उन्हाळ्यात ती अंडी घालते. एका वेळी साडेसात लाखांपासून तीस लाखांपर्यंत. त्याच साठवलेल्या बीजावर ती पुन्हा पुन्हा अंडी घालू शकते. पिले आधी समुद्रात वाहत जातात आणि वारा-प्रवाह अनुकूल असले तर काही आठवड्यांनी आत परततात. लाखांतली फार थोडी.

हे सांगून झाल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी अंगणात नेऊन मला एक गंजलेली लोखंडी चौकट दाखवली. पुढे लांब दाते, मागे साखळ्यांची पिशवी. याला ‘ड्रेज’ म्हणतात. डिसेंबर ते मार्च व्हर्जिनियाचे होडीवाले हे अवजार उपसागराच्या मुखाशी तळातून ओढत. चिखलात झोपलेले खेकडे दात्यांनी उपटून पिशवीत. तेथे हिवाळ्यात कोण झोपलेले असते, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. जवळजवळ साऱ्या माद्या. संयोग होऊन गेलेल्या, साऱ्या वाटेचा प्रवास पुरा केलेल्या, फक्त उन्हाळ्याची वाट पाहणाऱ्या.

“माझ्या आजोबांनी हेच केले, वडिलांनी हेच केले, मी तीस वर्षे हेच केले,” ते म्हणाले. “हिवाळ्यात दुसरे काही नव्हते, फादर.”

1990 नंतरच्या दशकात अंडी देणाऱ्या माद्यांची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घसरली. व्हर्जिनियाने मुखाजवळचे 900 चौरस मैलांहून अधिक खोल पाणी उन्हाळ्यात माद्यांसाठी राखून ठेवले, तरी आकडा सावरेना. हे आकडे कुठून येतात तेही त्यांनीच सांगितले. दर हिवाळ्यात, जेव्हा खेकडे चिखलात निश्चल असतात, तेव्हा मेरीलँड व व्हर्जिनियाचे शास्त्रज्ञ उपसागरातील सुमारे 1,500 ठिकाणी तसेच छोटे ड्रेज ओढून खेकडे मोजतात. 1990 पासून ही मोजणी अखंड चालू आहे. म्हणजे ज्या अवजाराने संहार केला, त्याच अवजाराने शिरगणती!

2008 साली दोन्ही राज्यांनी एकत्र येऊन ठरवले की माद्यांची पकड 34 टक्क्यांनी कमी करायची. मेरीलँडने शरदात दक्षिणेकडे निघालेल्या माद्यांवर मर्यादा आणली. व्हर्जिनियाने हिवाळी ड्रेज बंद केले. केंद्र सरकारने त्या वर्षी या व्यवसायाला आपद्ग्रस्त घोषित करून मदत दिली. त्या पैशातून व्हर्जिनियाने बेकार झालेल्या होडीवाल्यांना एक काम दिले. वादळांत दोर तुटून तळाशी गेलेले पिंजरे ध्वनियंत्राने शोधून वर काढायचे. असा हरवलेला पिंजरा तळाशी शिकार करीतच राहतो. आत शिरलेला खेकडा मरतो, तोच पुढच्याचे आमिष होतो. सहा हिवाळ्यांत असे सुमारे 34,000 पिंजरे निघाले.

“पहिल्या हिवाळ्यात मी एवढा संतापलो होतो की पत्नीशी धड बोलत नव्हतो,” ते म्हणाले. “कार्यालयात बसलेल्या माणसांनी माझा हिवाळा हिरावला. मुलाच्या शिक्षणाचे पैसे त्या चार महिन्यांतून यायचे. मुलाने शाळा सोडली, होडीवर आला. तो हा.” मुलगा दोर गुंडाळत होता. त्याने वर पाहिले नाही. “मग पिंजरे काढू लागलो. एका पिंजऱ्यात मेलेल्या माद्या आणि त्यांच्या खाली आणखी मेलेल्या. गोळ्याचा तुकडा चिकटून होता, त्यावर माझाच क्रमांक.”

ते एवढेच बोलले. मी धर्मगुरू. असे काही ऐकले की उत्तरादाखल काहीतरी म्हणण्याची आम्हांला वाईट सवय असते. त्या वेळी मी गप्प बसलो, याचे आजही समाधान वाटते.

त्या उन्हाळ्यात गावात आनंदाचे वातावरण होते. 2008 मध्ये उपसागरात मोजणीप्रमाणे 30 कोटींहून कमी खेकडे उरले होते. 2010 मध्ये 65 कोटींच्या वर गेले आणि 2012 मध्ये 76 कोटी 50 लाख. 1993 नंतर एवढा आकडा कोणी पाहिला नव्हता. बंदीला शिव्या देणारेही आता ‘आम्हीच वाचवले’ असे म्हणू लागले होते. मनुष्यस्वभाव किनाऱ्यागणिक बदलत नाही!

पुढच्या रविवारी मी प्रवचनात अनुवाद पुस्तकाच्या 22व्या अध्यायातील एक छोटा नियम सांगितला. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घ्यायला मुभा आहे, पण आईला जाऊ द्यावे, असा तो नियम. सेमिनरीत आम्ही तो भराभर वाचून पुढे गेलो होतो. त्यात शिकारीला बंदी नाही, उपदेशही फारसा नाही. घेणाऱ्याला घेऊ दिले आहे. फक्त जिच्यापासून पुढचे सारे येणार तिच्यावर हात टाकायचा नाही. प्रवचन चालू असताना मागच्या दाराशी कोणी उभे असल्याचे मला जाणवले. टोपी हातात होती.

येथेच लेख थांबवता आला असता तर तो वाचायला गोड झाला असता. पण खेकड्यांनी तसे होऊ दिले नाही. 2012 च्या त्या प्रचंड आकड्यात बहुतेक कोवळी पिले होती. अंडी देण्याजोग्या माद्या त्या वर्षी 10 कोटींनाही पोचल्या नव्हत्या. ती पिले टिकली नाहीत. 2013 मध्ये एकूण आकडा 30 कोटींवर आला आणि 2014 मध्ये प्रौढ माद्या 7 कोटींच्याही खाली गेल्या, म्हणजे शास्त्रज्ञांनी ज्याला धोक्याची रेषा म्हटले होते तिच्या खाली. नियम आणखी कडक झाले. 2017 मध्ये माद्या 25 कोटी 40 लाख झाल्या, त्या मोजणीतील उच्चांक. आणि 2022 मध्ये एकूण खेकडे 23 कोटींहूनही कमी, मोजणी सुरू झाल्यापासूनचा नीचांक.

मला प्रथम वाटले, म्हणजे साराच खटाटोप व्यर्थ. तसे नाही. 2022 च्या त्या वाईट वर्षातही माद्या 9 कोटी 70 लाख होत्या. आता सव्वासात कोटी मानल्या जाणाऱ्या धोक्याच्या रेषेच्या वर. मात्र 19 कोटी 60 लाखांचे जे उद्दिष्ट आहे, त्यापासून फार दूर. आई वाचवली म्हणून पिले वाचतीलच असे नाही. पिलांना लपायला पाण्याखालचे गवत लागते आणि ते पाणी तापल्याने व गढूळ झाल्याने विरळ होत आहे. शिवाय 1970 च्या दशकात गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी व्हर्जिनियाच्या नद्यांत बाहेरून आणून सोडलेला निळा कॅटफिश आता खेकडे मटकावत सुटला आहे. आणि ज्या मादीचा संयोग एकदाच होतो, तिला त्या वेळी चांगला नर भेटला पाहिजे, हेही लक्षात आले. मेरीलँडने 2022 मध्ये प्रथमच नरांच्या पकडीवरही मर्यादा घातली. पण माद्यांना अभय नसते तर त्या पडत्या वर्षांत उरले काय असते, याचे उत्तर 1990 नंतरच्या दशकाने देऊन ठेवले आहे.

2023 च्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या गावी गेलो, या खेपेस महिनाभरच. एकूण आकडा 32 कोटी 30 लाखांवर आला होता, माद्या 15 कोटी 20 लाख. सुधारणेची चिन्हे आहेत, असे लोक बोलत, पण 2012 सारखे कोणी नाचत नव्हते. माझे मित्र आता सत्तरीच्या पुढे, होडी मुलाच्या हाती. जेवायला बोलावले तेव्हा बाईंनी खेकड्याच्या गराच्या वड्या तळल्या होत्या. ओट्यावर गराचा डबा उघडा होता आणि त्यावर लिहिले होते, इंडोनेशिया. मी पाहतो आहे हे पाहून त्या ओशाळल्या. “टाळे लावलेल्या विहिरीजवळ राहतो आणि पाणी शेजाऱ्याकडून आणतो, फादर!” चेसापीकचा गर कमी पडू लागला तसा आशियाचा येऊ लागला. आपल्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचाही तिकडे जातो. म्हणजे तिकडच्या माद्यांना सूट मिळाली तिची किंमत इकडच्या माद्या तर देत नाहीत ना, हा विचार माझ्या घशात अडकला. वडी मात्र खाल्ली.

त्याच वर्षी एक चमत्कारिक बातमी आली होती. हाच निळा खेकडा कधीकाळी भूमध्य समुद्रात जाऊन पोचला आणि इटलीत पो नदीच्या मुखाशी शिंपल्यांची शेते फस्त करू लागला. इटलीच्या सरकारने 2023 मध्ये त्याच्या नायनाटासाठी 29 लाख युरो मंजूर केले. मी ही बातमी सांगितली तेव्हा माझे मित्र म्हणाले, “मग आम्हांला पाठवा म्हणावे. माद्या आधी.”

मी त्यांना आमच्या समुद्रातील एका खेकड्याबद्दल सांगितले, ज्याच्या पाठीवर क्रुसाचे चिन्ह असते. संत फ्रान्सिस झेविअर मोलुकासच्या बेटांकडे जात असताना वादळात त्यांच्या हातून क्रूस समुद्रात पडला आणि किनाऱ्यावर एका खेकड्याने तो नांग्यांत धरून आणून दिला, ही आख्यायिका आपल्या लोकांना ठाऊकच आहे. मेथडिस्ट माणसाला संतांच्या कथा फारशा रुचत नाहीत. पण ते मनापासून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला: “नर होता की मादी?”

2024 च्या जूनमध्ये व्हर्जिनियाच्या सागरी संपदा आयोगाने हिवाळी ड्रेजवरची बंदी उठवली. 16 वर्षांनंतर. मी बातमी वाचली आणि दूरध्वनी केला. मुलगा खूश होता, कारण हिवाळ्यात त्याच्या हातालाही काम नव्हते. वडील सुनावणीला गेले होते. तीन मिनिटे बोलायला मिळतात. त्यांनी बंदी ठेवावी असे सांगितले. बापलेकांत त्यानंतर काही दिवस अबोला होता, असे बाईंकडून कळले. मुलाचे चूक होते असे मी म्हणणार नाही. ज्याचे शिक्षण या बंदीने घेतले, त्याने पुन्हा एकदा थांबावे असे सांगणे सोपे नाही, आणि सांगणारा बाप असला तर त्याहून कठीण. सप्टेंबरमध्ये आयोगाने त्या हिवाळ्यापुरता हंगाम न उघडण्याचे ठरवले. अंगणातील लोखंडी चौकट मुलाने भंगारात दिली.

2025 ची मोजणी पुन्हा खाली आली. एकूण 23 कोटी 80 लाख, माद्या 10 कोटी 80 लाख. मी फोन केला तेव्हा मित्र म्हणाले, “हिवाळा फार कडक होता. चिखलातच मेल्या असतील काही.” आवाज थकलेला होता, पण तक्रार नव्हती. मुलगा आता वसंतात काळ्या गोळ्याची मादी आली की स्वतःच सोडतो, नारिंगी असली तरी सोडतो, कोणी सांगायला लागत नाही, असे ते म्हणाले.

मग त्यांनी विचारले, “फादर, तुमच्याकडे सोडतात का?”

आमच्या बाजारात परवाच एका ओळखीच्या मावशीने पाटीतली चिंबोरी उलटी करून माझ्यापुढे धरली होती. “घ्या फादर, भरलेली आहे, तुमच्यासाठीच ठेवली.” आई जाऊन आता नऊ वर्षे झाली. मी मावशीला नाही म्हणू शकलो नाही. नर द्या असे म्हटले असते तर तिला वाटले असते फादरना पारख नाही.

मी मित्रांना खरे ते सांगितले. आमच्याकडे तिला दुप्पट भाव मिळतो आणि मीही तो दिला, असे सांगितले.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, “थांबा, पत्नीला बोलायचे आहे तुमच्याशी. देतो.”